सैनिकांच्या मुलांसाठी चित्रांचा गट सुरू करताना

लष्करी कुटुंबातल्या मुलांना चित्र काढायला बसवलं की बहुतेक ठिकाणी विषय ठरलेला असतो: झेंडा, रणगाडा, सलाम करणारे बाबा आणि खाली 'मला अभिमान आहे'. मुलं ते झटपट काढून देतात. मोठ्यांना काय हवंय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तो अभिमान खोटा असतो असं मुळीच नाही. पण त्याच मुलाच्या डोक्यात अर्धवट भरलेली खोकी असतात, व्हिडिओ कॉलवर मध्येच गोठलेला चेहरा असतो, नव्या शाळेत मधल्या सुट्टीत कुणाशेजारी उभं राहायचं हा प्रश्न असतो, आणि कित्येक महिन्यांनी घरी आलेल्या माणसाशी काय बोलावं ते सुचत नाही ही अडचणही असते. हे सगळं कागदावर यायला जागा द्यायची, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

मी स्वतः सैनिकाच्या घरातली आहे आणि अशा मुलांचे गट चालवत आले आहे. शिक्षक, पालक किंवा स्वयंसेवक म्हणून तुम्हाला असा गट सुरू करायचा असेल, तर कुठून सुरुवात करायची, कुठे अडकायला होतं आणि काय टाळायचं ते क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हा कलोपचार नव्हे. कलोपचार हा वेगळा, प्रशिक्षण घेऊन करायचा व्यवसाय आहे. आपण मुलांना साहित्य, वेळ आणि न दटावणारा एक मोठा माणूस देतो. त्यातून मुलांना बरं वाटतं, पण म्हणून आपण उपचार करणारे होत नाही. ही रेघ पहिल्या दिवसापासून पाळली तर पुढचे निम्मे घोळ होतच नाहीत.

१. मुलाच्या घरी सध्या काय चालू आहे ते समजून घ्या

बाहेरच्या माणसाला वाटतं, तैनाती म्हणजे बाबा गेले आणि बाबा आले. अमेरिकी लष्करातल्या सायमन पिंकस आणि त्यांच्या सहकारी मानसोपचारतज्ज्ञांनी २००१ मध्ये या काळाचे पाच टप्पे मांडले: निघण्याआधीचा काळ, गेल्यानंतरचा पहिला महिना, मधला लांबलचक काळ, परत येण्याआधीचा महिना आणि परत आल्यानंतरचे महिने. कुठल्याही देशाच्या सैन्यातलं घर घ्या, हे टप्पे ओळखीचे वाटतील.

निघण्याआधी घरात कुरबुरी वाढतात. मूल मुद्दाम भांडण उकरून काढतं, कारण भांडलेल्या माणसाला निरोप देणं जरा सोपं जातं. पहिल्या महिन्यात झोप आणि जेवण बिघडतं. मधल्या काळात घडी बसते आणि मोठ्यांना वाटतं, मूल विसरलं. ते विसरलेलं नसतं, त्याने फक्त जगण्याची सोय लावलेली असते. परतीआधीच्या महिन्यात आनंद असतो आणि धास्तीही: आता मी उंच झालोय, त्यांना आवडेन का? खेळायला जायची परवानगी कुणाकडे मागायची?

सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते शेवटच्या टप्प्याकडे. माणूस घरी आला म्हणजे प्रश्न मिटला असं सगळे धरून चालतात. पण आलेला माणूस जुने नियम घेऊन आलेला असतो. ज्या मुलाला तो सोडून गेला होता, ते मूल आता तिथे नसतं. कुणी दचकून उठतं, कुणी तासन्‌तास गप्प बसतं, कुणी टेबलावरची आपली खुर्ची परत मागतं आणि त्या खुर्चीवर एव्हाना धाकटी बहीण बसत असते. पॉलीन बॉस या संशोधिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं आणि अशा धूसर विरहाची दोन रूपं सांगितली: माणूस शरीराने दूर असतो पण घरातल्यांच्या मनात हजर असतो, किंवा शरीराने समोर असतो पण मनाने तिथे नसतो. सैनिकांच्या मुलांना ही दोन्ही रूपं भेटतात, कधी एकाच वर्षात.

एकाच खोलीत तुमच्यापुढे पाचही टप्प्यांवरची मुलं बसलेली असतील. म्हणून प्रवेशअर्जावर घरच्या पालकाला एक प्रश्न जरूर विचारा: सध्या घरी कोण आहे, कोण नाही, आणि यातलं मुलाला काय माहीत आहे? शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. परतीची तारीख लांबल्याचं आईला कळलेलं असतं, मुलाला सांगितलेलं नसतं, आणि नेमकी तुमच्या तोंडून ती बातमी निसटते. आणखी एक: दूर गेलेली व्यक्ती बाबाच असेल असं गृहीत धरू नका. ती आई असू शकते, मोठा भाऊ असू शकतो, आणि काही घरांत आईबाबा दोघंही वर्दीत असतात.

२. कागदपत्रं तयार ठेवा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पहिल्या सत्राआधी उरकलाच पाहिजे. नंतर करू म्हटलं की ते राहून जातं आणि गरज पडते तेव्हा हाताशी काहीच नसतं. लागणारे कागद असे:

- जागेची लेखी परवानगी. गट लष्करी वसाहतीत भरणार असेल तर तिथल्या प्रशासनाची, शाळेत भरणार असेल तर मुख्याध्यापकांची.
- पालकाचं संमतिपत्र. त्यात तीन गोष्टींना वेगवेगळी संमती घ्या: सत्राला येणं, चित्राचा फोटो काढणं, चित्र इतरांना दाखवणं. तिन्हींसाठी एकच सही घेऊ नका.
- मुलाची स्वतःची संमती. लहान मुलांसाठी दोन ओळी पुरतात: 'मला इथे यायला आवडेल. मला नको वाटलं तर मी थांबू शकतो.'
- तातडीच्या वेळी फोन करायचे दोन क्रमांक. त्यातला एक तैनातीवर नसलेल्या माणसाचाच हवा. हे लिहायची गरज आहे असं वाटत नाही, पण आहे.
- मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची तुमच्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे झालेली पार्श्वभूमी तपासणी.
- ॲलर्जी, औषधं, आणि मोठ्या आवाजाची भीती यांची नोंद.
- समुपदेशक, बालमानसोपचारतज्ज्ञ आणि बालसंरक्षण यंत्रणा यांचे क्रमांक असलेला एक कागद, भिंतीवर लावलेला.

मुलाची संमती कशाला, असं विचारणारे भेटतील. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं तेरावं कलम त्यांना सांगा. मुलाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात कलेचा उल्लेख तिथे थेट केलेला आहे. व्यक्त होण्याचा हक्क असेल तर गप्प राहण्याचाही आलाच.

३. गुप्ततेचे नियम मुलांना न घाबरवता सांगा

सैनिकी घरातल्या मुलांना काय बोलायचं नाही याची शिकवण लहानपणापासून मिळालेली असते. तुम्ही त्यात भर घालू नका, पण निष्काळजीपणाही करू नका. माझा नियम साधा आहे: कागदावर मुलाने काहीही काढावं, खोलीबाहेर काय जाईल ते मोठ्यांनी बघावं. मूल चित्र काढत असताना 'हे नाव लिहू नको, तो पूल काढू नको' असं सुरू झालं की त्याचा हात आखडतो आणि पुढचे कित्येक दिवस ते फुलं काढत बसतं.

बाहेर जाणाऱ्या कुठल्याही चित्रात किंवा फोटोत युनिटचं नाव, ठिकाण, निघण्याच्या किंवा परतण्याच्या तारखा, वाहनांचे क्रमांक, गणवेशावरची नावपट्टी आणि वसाहतीचं फाटक दिसता कामा नये. मोबाईलने फोटो काढताना ठिकाणाची नोंद बंद करा, नाहीतर चित्रातून काढून टाकलेलं ठिकाण फोटोच्या फाईलमधून बाहेर पडतं. पार्श्वभूमीला खिडकी नको, साधी भिंत ठेवा. शंका असेल तर चित्र आतच राहू दे.

४. साहित्य: कमी प्रकार, भरपूर प्रमाण

नवखे लोक पहिल्याच दिवशी पंधरा प्रकारचं साहित्य मांडतात. मुलं गोंधळतात आणि सगळ्यात चमकदार वस्तूभोवती भांडणं होतात. सुरुवातीला एवढं पुरे:

- जाड कागद, दोन मापांचा. मोठा ए-थ्री आणि लहान ए-फाइव्ह. लहान कागद लाजणाऱ्या मुलांसाठी असतो. मोठ्या पांढऱ्या कागदाची काहींना भीती वाटते.
- मऊ पेन्सिली, मेणाचे खडू, ऑईल पेस्टल.
- बोथट टोकाच्या कात्र्या, डिंक, मास्किंग टेप.
- जुनी मासिकं आणि पुठ्ठ्याची खोकी.
- त्वचेच्या वेगवेगळ्या छटांचे रंग.
- काळा आणि गडद हिरवा रंग नेहमीपेक्षा जास्त. हे दोन सगळ्यांत आधी संपतात.
- प्रत्येक मुलाच्या नावाची एक बंद होणारी फाईल.

रंग बिनविषारी असल्याचं वेष्टनावर लिहिलेलं बघून घ्या. फुगे आणू नका. फुटल्याचा आवाज काही घरांतल्या मुलांना सहन होत नाही.

जलरंग आणि बोटांनी लावायचे रंग पहिल्या काही सत्रांत देऊ नका, आणि यामागे कारण आहे. सँड्रा केगिन आणि विया लुसेब्रिंक या कलोपचारतज्ज्ञांनी १९७८ मध्ये एक मांडणी केली. तिच्यात साहित्याचा घट्टपणा आणि प्रवाहीपणा हा मोठा मुद्दा आहे. पेन्सिल आपलं ऐकते, ओला रंग आपलं ऐकत नाही. घट्ट साहित्याने माणूस विचार करत, आवरून काम करतो. प्रवाही साहित्याने भावना मोकळी सुटते. ज्या मुलाच्या आयुष्यात आधीच काही ताब्यात नाही, त्याच्या हातात पहिल्याच दिवशी पसरत जाणारा रंग दिलात तर ते बिथरू शकतं. आधी पेन्सिल आणि खडू, मग पेस्टल, मग माती, आणि ओळख रुळल्यावर पाणी. माती सगळ्यांना आवडते असं नाही, पण जी मुलं एक अक्षर बोलत नाहीत ती मातीवर बरेचदा मनसोक्त बुक्के मारतात. मारू द्या.

खोडरबराबद्दल मतं वेगळी आहेत. मी ठेवते. बदल्यांमध्ये आयुष्यातलं पुष्कळ काही मुलाला न विचारता पुसलं जातं, तर एखादी रेघ त्याने स्वतःच्या मर्जीने पुसली तर बिघडलं कुठे?

५. जागा आणि वेळ बदलू नका

आठवड्याचा तोच वार, तीच वेळ, तीच खोली. ज्यांचं घर, शाळा आणि मित्र सारखे बदलतात त्यांना हे एवढं तरी न बदलणारं मिळू द्या. एका गटात सहा ते आठ मुलं पुरेत आणि मोठी माणसं कायम दोन. एक मूल रडायला लागलं तर एकाने त्याच्याजवळ बसायचं, दुसऱ्याने इतरांकडे बघायचं. सुरुवात आणि शेवट रोज एकाच पद्धतीने करा: येताना स्वतःची फाईल घ्यायची, जाताना ती स्वतः ठेवायची. पाच मिनिटं आधी सूचना द्या. अचानक 'चला, संपलं' म्हणू नका. अचानक संपण्याचा अनुभव या मुलांना पुरेसा आहे.

६. कुठल्या वयात काय काढतात याचा अंदाज ठेवा

ऑस्ट्रियात जन्मलेले कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे सांगितले. आजही कामाला ते उपयोगी पडतात. दोन ते चार वर्षांत रेघोट्या, चार ते सात वर्षांत डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं, सात ते नऊमध्ये जमिनीची रेघ आणि भिंतीपलीकडचं आतलं दिसणारी घरं, आणि नऊनंतर 'हुबेहूब आलं पाहिजे' हा हट्ट.

हे माहीत नसलं की भलते अर्थ काढले जातात. पाच वर्षांच्या मुलाने बाबांना हात काढले नाहीत म्हणून कुणी गंभीर चेहरा करतं. त्या वयात हात राहून जातातच. लहान मुलं महत्त्वाची गोष्ट मोठी काढतात, म्हणून कधी बूट घरापेक्षा मोठे असतात. नऊ-दहाच्या पुढची मुलं 'मला चित्र येत नाही' म्हणून हात बांधून बसतात. त्यांना कोलाज, चित्रकथा, नकाशे किंवा फोटो द्या. किशोरवयीन मुलांना लहानांच्या गटात बसवू नका. ती एकदा येतील आणि पुन्हा फिरकणार नाहीत.

७. विषय असा द्या की त्यातून पळवाट राहील

'बाबांची आठवण येते तेव्हा कसं वाटतं ते काढा' हा विषय देऊ नका. तो चित्राचा विषय नाही, उलटतपासणी आहे. चांगला विषय वस्तूचा किंवा जागेचा असतो. मुलाला बोलायचं असेल तर त्यातून बोलता येतं, नसेल तर नुसती वस्तू काढून मोकळं होता येतं. माझ्या अनुभवात चाललेले काही विषय:

- राहिलेली घरं. आठवतील तेवढी, एकाच कागदावर, नकाशासारखी. कुठल्या घरात काय राहून गेलं तेही.
- सामान बांधताना मी हाताशी ठेवलेली एक वस्तू.
- फोनच्या पडद्यात दिसणारं चित्र. कागदावर फोनची चौकट आधीच आखून द्या.
- जेवायला बसताना कोण कुठे बसतं. दोन चित्रं: सगळे असताना आणि नसताना.
- आत आणि बाहेर. पुठ्ठ्याचा मुखवटा, बाहेरून लोकांना दिसतो तो चेहरा, आतून मलाच माहीत असलेला. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी वैद्यकीय केंद्राच्या आवारात उपचार घेणारे सैनिकही असे मुखवटे रंगवतात. मोठ्या मुलांना हे सांगितलं की ती जास्त मनापासून करतात.
- रिकामं खोकं. बदलीच्या सामानाचंच खरं खोकं घ्यायचं आणि त्याच्या आत एक खोली बनवायची. एका मुलाने आमच्याकडे खोक्यात काहीच केलं नाही, सगळ्या बाजूंनी टेप लावून ते बंद केलं आणि वर 'नाजूक' असं लिहिलं. तेही त्याचं काम म्हणून फाईलशेजारी ठेवलं.

आता एका लोकप्रिय उपक्रमाबद्दल. कागदी कड्यांची साखळी करायची, रोज एक कडी काढायची आणि शेवटची कडी निघेल त्या दिवशी बाबा घरी. ऐकायला गोड आहे. पण सैन्यात परतीच्या तारखा पुढे जातात. साखळी संपते, माणूस येत नाही आणि मुलाला वाटतं की आपलंच मोजताना चुकलं. उलट करा. रोज एक कडी जोडायची आणि तिच्यावर त्या दिवसाचं एक छोटं चित्र काढायचं. माणूस येईल तेव्हा जेवढी लांब झाली असेल तेवढी साखळी त्याला दाखवायची. तारीख कितीही पुढे गेली तरी ही साखळी मोडत नाही, आणि आलेल्या माणसाला आपण नसताना काय काय घडलं ते कळतं.

८. मूल काढत असताना तोंड कसं आवरायचं

इथे सगळे घसरतात, विशेषतः प्रेमळ माणसं.

'हे काय आहे?' असं विचारू नका. त्यात चित्र ओळखू न आल्याची तक्रार दडलेली असते. 'याबद्दल मला सांगशील?' हे चालतं. 'किती सुंदर!' हेही टाळा. एकदा कौतुक झालं की मूल पुढच्या वेळी तेच चित्र पुन्हा काढतं, आणि शेजारच्याला वाटतं आपलं सुंदर नाही. त्याऐवजी जे दिसतंय तेवढंच बोला: 'इथे तू खूप जोर लावून काळं केलं आहेस.' 'ही खिडकी सगळ्यात वर आहे.' मुलाला कळतं की कुणीतरी नीट बघितलं. पुढचं ते सांगेल किंवा सांगणार नाही.

मुलाच्या कागदावर स्वतःची रेघ ओढू नका, घोडा कितीही कुत्र्यासारखा दिसत असला तरी.

रंगांवरून निदान करू नका. काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, ही पुस्तकी कोष्टकं विसरा. काळा खडू बरेचदा तोच एक अखंड उरलेला असतो म्हणून वापरला जातो. बंदुका, स्फोट, विमानं दिसली म्हणून घाबरू नका. ज्याच्या घरात या गोष्टींची चर्चा जेवताना होते त्याने त्या काढल्या नाहीत तरच नवल. 'असलं नको, काहीतरी छान काढ' हे वाक्य गटात उच्चारायचंच नाही असं सगळ्या मोठ्यांना बजावून ठेवा. त्याचबरोबर झेंडा काढणाऱ्या मुलाला 'तुला खरं काय वाटतं ते काढ' असंही म्हणू नका. त्या दिवशी त्याला झेंडाच काढायचा असेल.

पालक सत्र संपल्यावर हळूच विचारतात, 'चित्रावरून काही कळलं का हो?' उत्तर एकच द्या: 'त्यालाच विचारा, चित्राबद्दल सांगतोस का म्हणून.'

९. मदत कधी मागायची

चित्रातून निदान करायचं नाही याचा अर्थ डोळे मिटून घ्यायचे असा नाही. अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथल्या मुलांचा अभ्यास केला. १९७६ मध्ये शाळेच्या बसमधून २६ मुलांचं अपहरण झालं होतं. टेर यांना त्या मुलांच्या खेळात एक गोष्ट दिसली: तोच खेळ, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा, आणि खेळून झाल्यावर मोकळं वाटणं नाही. चित्रांतही बघायचं ते हेच. स्फोट काढणं चिंतेचं नाही. आठवडेच्या आठवडे तोच स्फोट, तसूभर न बदलता, आणि काढून झाल्यावर मूल अधिकच ताठरलेलं, हे चिंतेचं आहे. मदत करणारं चित्र हळूहळू बदलतं: आधी नुसती आग, मग कोपऱ्यात बंब, मग रस्त्यावर माणूस.

वाट न पाहता समुपदेशकाला कळवायचं ते असं: स्वतःला इजा करण्याचं चित्र किंवा बोलणं, घरात मारहाण होत असल्याचं सांगणं, शरीराशी झालेल्या कुठल्याही गैरवर्तनाचा उल्लेख, आणि खाणं, झोपणं, शाळा हे सगळं एकदम सुटणं. मूल 'कुणाला सांगणार नाही ना?' असं विचारेल. 'नाही सांगणार' असं वचन देऊ नका. 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल फक्त त्यांना सांगेन' असं म्हणा. मग मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून लिहा. स्वतःचे अर्थ जोडू नका. जास्त खोदून विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं.

गटातल्या एखाद्या मुलाच्या घरी वाईट बातमी आली तर पुढचं सत्र नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी भरवा, पण प्रशिक्षित समुपदेशकाला खोलीत बसवून. बाकीच्या मुलांच्या मनात त्या दिवशी एकच प्रश्न असतो: आता आमच्या घरी? तो प्रश्न कुणी विचारला तर 'असं काही होणार नाही' हे तुम्ही सांगू शकत नाही. कारण मुलांना कळतं की ते तुमच्या हातात नाही. तुम्ही इथे असाल आणि पुढच्या आठवड्यातही खोली उघडी असेल, एवढं सांगा. ते तुमच्या हातात आहे.

१०. दूर असलेल्या माणसाला चित्र पाठवायचं असेल

ए-फाइव्ह किंवा त्याहून लहान, सपाट, घडी घालून खिशात मावेल असं. चिकटवलेले मणी टपालात निघतात आणि चमकी तर अजिबात नको. ती सामानात, गणवेशावर, सगळीकडे पसरते आणि चित्र फेकावं लागतं. मागे नाव असू दे, पण ठिकाण आणि तारीख नको.

सगळ्यात चांगला चालतो तो अर्ध्या चित्राचा खेळ. मूल कागदाच्या डाव्या अर्ध्यात काढतं, उजवा भाग कोरा ठेवून पाठवतं, आणि तिकडचा माणूस तो भरून परत पाठवतो. व्हिडिओ कॉलवर ज्यांना बोलायला काही सुचत नाही अशा घरांत याने निदान एक विषय मिळतो. तिकडच्या माणसाला आधीच कळवून ठेवा की चित्रकला यायची गरज नाही आणि उशीर झाला तरी चालेल. मुलालाही सांगा, टपालाला वेळ लागतो.

कधीकधी मूल म्हणतं, 'हे बाबांना पाठवायचं नाही.' कारण विचारू नका. फाईलमध्ये ठेवा.

११. प्रदर्शन भरवण्याआधी दहादा विचार करा

कुणीतरी वरिष्ठ येतात, चित्रं बघतात आणि म्हणतात, याचं प्रदर्शन करूया. अमेरिकेत एप्रिल हा सैनिकी मुलांचा महिना म्हणून पाळतात. १९८६ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांनी तो सुरू केला, आणि सगळ्या सेनादलांचे रंग मिसळून झालेला म्हणून जांभळा रंग त्याची खूण आहे. अशा निमित्तांनी या मुलांची दखल घेतली जाते हे चांगलंच. पण प्रदर्शन ठरलं की गटाचा स्वभाव बदलतो. मुलं भिंतीसाठी काढायला लागतात आणि पुन्हा झेंडे, रणगाडे सुरू होतात.

करायचंच असेल तर चित्रं पूर्ण झाल्यानंतर ठरवा, आधी नाही. निवड मुलाची. उद्घाटनाच्या सकाळी त्याने चित्र भिंतीवरून परत घेतलं तरी चालेल असं सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. बक्षिसं आणि क्रमांक नकोत. चित्राखाली मोठ्यांनी लिहिलेली भावुक वाक्यं तर नकोतच. मुलाने काही लिहिलं असेल तर तेवढंच, त्याच्या शुद्धलेखनासकट.

नावाचा प्रश्न अवघड आहे. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीने तेरेझिनच्या नाझी छावणीत मुलांना चोरून चित्रकला शिकवली. तिथे माणसांची ओळख पुसली जात असताना ती मुलांना चित्रावर आपलं नाव घालायला लावत असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला नेलं गेलं आणि तिथे तिचा अंत झाला. मागे राहिलेल्या दोन सुटकेसमध्ये सुमारे साडेचार हजार चित्रं होती. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत, आणि बऱ्याच मुलांची नावं त्यामुळेच कळतात. म्हणून चित्र झालं की मुलाला पाठीमागे पूर्ण नाव लिहायला सांगा. दर्शनी बाजूला मात्र सुरक्षिततेसाठी पहिलं नाव आणि वय, किंवा मुलाने निवडलेलं टोपणनाव पुरे.

१२. बदली झाली की

अमेरिकेत सैनिकी घरातल्या मुलाला शाळेच्या वर्षांत सहा ते नऊ वेळा घर बदलावं लागतं असं सर्रास सांगितलं जातं. इतर सैन्यांतही बदली चुकत नाही. त्यामुळे गटातून मूल जाणं हा अपवाद नव्हे, कामाचा नेहमीचा भाग धरा.

शेवटचं सत्र निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी ठेवा. शेवटच्या आठवड्यात घर उलथंपालथं असतं आणि मूल येऊच शकत नाही, मग निरोप राहून जातो. फाईल मुलाच्या हातात द्या, सामानाच्या खोक्यात नाही. ट्रकमधल्या खोक्यांचं काय होतं हे सैनिकी घरातल्या कुणालाही विचारा. मातीच्या आणि मोठ्या कामांचे फोटो काढून पालकांना द्या. मुलाला हवं असेल तर एक चित्र गटासाठी ठेवायला विचारा, मागू नका.

नव्या ठिकाणच्या शिक्षकासाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी पालकांच्या परवानगीने द्या. तिच्यात मुलाला कुठलं साहित्य आवडतं, किती वेळ बसतं, कुठला आवाज सहन होत नाही एवढंच लिहा. चित्रांत काय काय आलं ते लिहू नका, ते सांगायचं की नाही हे मूल नव्या ठिकाणी स्वतः ठरवेल. आणि मागे राहिलेल्या मुलांना पुढच्या सत्रात सरळ सांगा की ते मूल गेलं, कुठल्या दिवशी गेलं, आणि पत्ता मिळाला तर चित्र पाठवता येईल. नवीन मूल आलं तर त्याला गेलेल्या मुलाची खुर्ची लगेच देऊ नका. काही आठवडे दुसरीकडे बसवा, आणि कोणी कुठे बसायचं ते हळूहळू मुलांनाच ठरवू द्या.